चर्चच्या फळ्यावरचं जहाज

नागासाकी, १८ सप्टेंबर २०२२

प्रिय शिगेयो,

आठवतं तुला, शाळेच्या चॅपलची लाकडी जमीन आपण शनिवारी तांदळाच्या कोंड्याच्या पुरचुंड्यांनी घासायचो? तू मोजे घालून घासायचीस, म्हणजे घासणं आणि घसरणं एकदमच व्हायचं. एका शनिवारी सिस्टर ग्रासिया दारातून आत आल्या आणि तुझ्या चकचकीत कामगिरीवरून थेट वेदीपर्यंत गेल्या. पडल्या नाहीत. क्रूसाची खूण करून म्हणाल्या, "शिगेयो, जमीन पुरे झाली. आता आत्मा घास." आज स्वयंपाकघर पुसताना ते आठवलं आणि मी एकटीच हसत बसले.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा बातमी पत्रानेच सांगते. आमच्या शुनसुकेची नेमणूक तटरक्षक दलाच्या 'शिराहाए' या गस्तीजहाजावर झाली. तुमच्या बेटांच्या बाजूलाच त्याची गस्त असते. घरच्यांना एक दिवस जहाज दाखवायला नेलं होतं. शंभर मीटरला चारच मीटर कमी, अगदी पांढरंशुभ्र, बाजूला निळा पट्टा. पुढे तोफ, तिच्यामागे पाण्याचा झोत सोडणारं यंत्र. कडेला दोन रबरी होड्या, तीन मिनिटांत पाण्यात उतरतात म्हणे. परक्या बोटींना चार भाषांत 'मागे फिरा' सांगणारी दिव्यांची पाटी. आणि एक कॅमेरा आहे, तो उजेड नाही, ऊब बघतो. शुनसुके म्हणाला, "आई, पावसात, धुक्यात, दूरवर नुसतं डोकं पाण्याबाहेर असलं तरी पांढरा ठिपका दिसतो." मी म्हटलं, "मग घरी तुला समोरच्या फडताळातला चहाचा डबा कसा दिसत नाही?" "तो गार असतो ना," म्हणाला.

हसले खरी, पण त्याचे वडील गेल्यापासून वारा सुटला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. तुमच्या चर्चमध्ये समुद्रावर गेलेल्यांसाठी माळेची प्रार्थना करता ना? त्यात माझा एक घाल.

तुझी,
इत्सुको

कोझाकी, २ ऑक्टोबर

प्रिय इत्सुको,

घातला. नुसता प्रार्थनेत नाही, फळ्यावरसुद्धा.

आमच्या चर्चच्या मागच्या भिंतीवरचा फळा तू माझ्या लग्नात पाहिला असशील. कोणाची बोट बाहेर आहे, कधी परतणार, हे बायका त्यावर लिहितात. बाहेर असली की लाल खडू, बंदरात आली की पांढरा. माळ जपताना लाल नावं एकेक करून घ्यायची. माझ्या सासूच्या सासूपासून चालत आलंय. त्यात मी सगळ्यात वर लिहिलं, 'शिराहाए'.

त्यावरून गेल्या रविवारी चांगलीच जुंपली. मात्सु आजी म्हणाल्या, "ज्या जहाजाने माझ्या नातवाला दंड केला, त्याच्यासाठी मी गुडघे टेकू? गुडघे आधीच दुखतात माझे."

मी म्हटलं, "मग बसून करा."

"बसून केलेली सरकारी जहाजाला पुरेल," म्हणाल्या, आणि खरंच केली.

पण खरी नवलाची गोष्ट पुढेच. आमचा गेन्झो चर्चला आला! माझा हा धाकटा भाऊ पहिल्या कम्युनियननंतर चर्चमध्ये फक्त कौलं बसवायला चढला होता. बायको सोडून गेली तेव्हाही आला नाही. आणि आता लागोपाठ दोन रविवार मागे उभा, हातात टोपी, फळ्यापुढे कितीतरी वेळ. मी विचारलं, "काय रे, काय बघतोस?" तर म्हणाला, "ताई, तुझं अक्षर अजून शाळेतल्यासारखंच आहे." माझे डोळे भरून आले.

त्याने एक शंका काढली, तीही बरोबर आहे. म्हणाला, "जहाज गोदीत दुरुस्तीला उभं असताना आपण त्याला लाटांपासून वाचव म्हटलं, तर देव गोंधळणार नाही का?" तेव्हा शुनसुकेचं जहाज गोदीत कधी जातं ते कळव. तेवढे दिवस पांढऱ्या खडूने लिहीन.

शिगेयो

नागासाकी, १७ ऑक्टोबर

प्रिय शिगेयो,

गेन्झोचं वाचून मी आमच्या चर्चमध्ये मेणबत्ती लावली. सिस्टर ग्रासिया म्हणायच्या, हरवलेलं मेंढरू नेमकं कुरणाच्या दाराशीच उभं असतं, आपण डोंगरावर शोधत बसतो.

तारखा विचारल्यास तशा देते. १२ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर. शुनसुकेने मला सांगितल्या त्या त्याच्या वडिलांच्या स्मरणार्थ चर्चमध्ये होणाऱ्या मिस्सेसाठी. ती मी १३ तारखेच्या रविवारी ठेवलीय, त्यामुळे पहिल्यांदाच त्याला सुट्टी मागावी लागणार नाही. वर बजावलंही, "आई, हे बाहेर बोलायचं नाही हं." मी म्हटलं, "मी कोणाशी बोलते? भिंतीशी?" आता चर्चच्या फळ्याला काय कोणी बाहेर म्हणतं?

त्याच्या आवडीचा वाटाण्याचा भात करणार आहे. गोठवलेले वाटाणे आहेत, पण तो तक्रार करत नाही.

इत्सुको

कोझाकी, २८ ऑक्टोबर

प्रिय इत्सुको,

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी तारखा फळ्यावर लिहिल्या. 'शिराहाए, गोदीत, १२ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर', पांढऱ्या खडूने. खाली छोटासा नांगरही काढला, तो बदकासारखा दिसतो असं सगळ्यांचं मत पडलं.

गेन्झोने तारखा मोठ्याने वाचल्या, दोनदा. म्हणाला, "ताई, नक्की ना? इत्सुकोताईंनीच लिहिल्या ना?" मी तुझं पत्रच दाखवलं. त्याने ते दोन्ही हातांनी धरून वाचलं, प्रार्थनेचं पुस्तक धरावं तसं. मग मेणबत्त्यांचा डुगडुगणारा स्टँड नीट करून दिला. फादर म्हणाले, "गेन्झो-सान, तुम्हाला काय झालंय?" तो म्हणाला, "वय झालंय, फादर."

पहिल्या तारखेपासून अवाबीच्या शिंपल्यांवर बंदी लागते, अंडी घालायचा काळ. बुड्या मारणारे सगळे पुरुष डिसेंबरच्या विसापर्यंत रिकामे. आमचा जावई तोमोया हल्ली मामेसासऱ्याच्या, म्हणजे गेन्झोच्याच बोटीवर असतो. बोट रंगवायला घेतलीय म्हणतात. आमच्या मिनाएला सातवा महिना लागला. नवरा जमिनीवर आहे म्हणून ती खुशीत आहे, आणि तिच्याहून मी.

शिगेयो

नागासाकी, ११ नोव्हेंबर, शुक्रवार

शिगेयो,

घाईत लिहिते, टपालपेटी उघडायच्या आत टाकायचंय. शुनसुके रविवारी येत नाही. आताच फोन आला. गोदीत आधीच्या जहाजाच्या पाण्याखालच्या पंख्याचं काम अडलंय, जागा रिकामी झालेली नाही. 'शिराहाए' १८ तारखेपर्यंत गस्तीवरच. वडिलांच्या मिस्सेला आता मी आणि माझी नणंद.

फळ्यावरच्या तारखा पूस. पांढरा खडू बघून कोणी त्याला प्रार्थनेतून वगळायला नको. लाल कर, लगेच.

इत्सुको

कोझाकी, १६ नोव्हेंबर

इत्सुको,

तुझं पत्र काल मंगळवारी मिळालं. शनिवार-रविवार हल्ली टपाल वाटत नाहीत. सोमवारी सकाळी सगळं होऊन गेलं होतं.

क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

सोमवारी पहाटे गेन्झो तोमोयाला घेऊन बेटाच्या दक्षिणेच्या खडकांपाशी गेला. अवाबी काढायला. बंदीत. रंगबिंग काही नव्हतं. बोटीवर हवेचा पंप, तिथून लांब नळी, नळीच्या टोकाला खाली तोमोया. सात वाजता भुरभुर पाऊस होता. त्या पावसातून 'शिराहाए' समोर आलं. गोदीत असलेलं जहाज, इत्सुको. गेन्झोला ते दिसलं तेव्हा ते इतकं जवळ होतं की पाटीवरची अक्षरं वाचता येत होती.

त्याने नळी कापली.

खाली माणूस होता. नळी वर ओढायला, माणूस वर घ्यायला वेळ लागला असता. म्हणून त्याने सुऱ्याने हवेची नळी कापली, कमरेची दोरी कापली आणि बोट पळवली. माझ्या भावाने. माझ्या मुलीच्या नवऱ्याची.

तोमोया कसाबसा वर आला. त्याला बोट दिसली नाही, जहाज दिसलं नाही. पाण्याच्या ओढीने त्याला बाहेर नेलं. जहाज गेन्झोच्या मागे गेलं होतं, पाण्यात माणूस आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. वीस मिनिटांत गेन्झोला पकडलं. तो एक अक्षर बोलला नाही, पण डेकवरच्या पंपाला कापलेली नळी लटकत होती. ती तुझ्या शुनसुकेने पाहिली. त्याने विचारलं, "हिच्या दुसऱ्या टोकाला कोण होतं?" गेन्झोने तरीही तोंड उघडलं नाही. शुनसुकेने जहाज मागे फिरवायला लावलं.

पाच तास शोधलं. त्या ऊब बघणाऱ्या कॅमेऱ्यात एक ठिपका दिसला, तोही मधूनच दिसेनासा होणारा. तोमोया सांगतो, रबरी होडीतून कोणीतरी सारखं ओरडत होतं, "तोंड वर! तोंड वर ठेव! झोपायचं नाही!" वर ओढल्यावर त्या अधिकाऱ्याने घरच्यांचं नाव विचारलं. तोमोयाने माझं सांगितलं. तो तुझा शुनसुकेच होता. त्याने स्वतःचा कोट काढून तोमोयाच्या पायांवर घातला.

तोमोया जिवंत आहे. छातीत पाणी गेलंय, दवाखान्यात आहे. मिनाए त्याचा हात सोडत नाही आणि माझ्याकडे बघत नाही. तिला फळा माहीत आहे.

मी दोन गोष्टी केल्या. सोमवारी दुपारी कळल्याबरोबर चर्चमध्ये जाऊन फळा पुसला. आणि काल तुझं पत्र वाचल्यावर बिस्किटांच्या डब्यातली तुझी सगळी पत्रं न्हाणीच्या बंबात घातली. शाळेनंतरची सगळी. निवडत बसायला धीर नव्हता. कोणी तुझ्या दारात येऊन काही विचारू नये, एवढंच डोक्यात होतं.

तू त्याला सांभाळ.

शिगेयो

नागासाकी, २७ नोव्हेंबर

प्रिय शिगेयो,

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून कागद पुढे घेऊन बसते आणि उठते. 'नळी कापली' याच्या पुढे माझं वाचन जात नाही.

देवाची कृपा, तोमोया वाचला. मिनाएला जप. तिने बघितलं नाही तरी तू बघत राहा.

शुनसुके घरी आहे. सुट्टीवर. मुळे चिरून सुकत घातले त्याने, सगळे एकसारखे, पट्टीने मोजल्यासारखे. वाटाण्याचा भात केला. थोडा खाल्ला.

पत्रं जाळलीस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्यात होतं तरी काय, हवामान आणि दुखणी.

इत्सुको

कोझाकी, ५ डिसेंबर

प्रिय इत्सुको,

शुनसुके घरी आहे हे वाचून बरं वाटलं. त्याने विश्रांती घ्यायलाच हवी.

तोमोया काल घरी आला. जिना चढताना मध्ये बसतो. गेन्झोला मी कोठडीच्या काचेपलीकडून भेटले. मी तोंडात येईल ते बोलले, तुझ्या-माझ्या शाळेत ज्या शब्दांना साबणाने तोंड धुवायला लावायचे, ते सगळे. तो खाली बघत होता. मग म्हणाला, "ताई, तू घरी जा. तुझं नाव इथे कुठेही नाही. येणार नाही."

त्याचा अर्थ मला परवा त्याच्या वकिलाकडून कळला. बोटीवर भरती-ओहोटीचं कोष्टक सापडलं. त्यावर गेन्झोच्या हाताने पेन्सिलीने लिहिलंय, 'शिराहाए, १२ ते ४'. या तारखा जहाजावरच्या मोजक्या लोकांनाच माहीत होत्या म्हणे. कोणी दिल्या विचारलं की गेन्झो म्हणतो, "समुद्राने." त्यांना वाटतं जहाजावरच्या कोणीतरी विकल्या. वकील म्हणाले, बेटाशी ओळख असलेल्या एका अधिकाऱ्याला कामावरून दूर ठेवलंय.

इत्सुको, शुनसुके खरंच सुट्टीवर आहे का?

शिगेयो

नागासाकी, १० डिसेंबर

शिगेयो,

नाही.

१८ तारखेला, जहाज अखेर गोदीत लागलं त्याच दिवशी, त्याला चौकशीला बोलावलं. त्यानंतर कामावर नाही. दोन अधिकारी घरी आले, बूट काढून, नमस्कार करून आले. त्याचा फोन नेला, टेबलाचे खण नेले, खणांसकट. चहा दिला तर घेतला नाही. मला विचारलं, "मुलगा घरी जहाजाबद्दल काही बोलायचा का?" शुनसुके त्यांच्या मागे उभा होता. त्याने माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली, इतकीशी. आणि मी म्हटलं, "नाही. आमच्याकडे जेवणाबद्दलच बोलणं होतं."

हातात माळ होती शिगेयो. माळ हातात धरून खोटं बोलले.

ते गेल्यावर मी त्याला म्हटलं, "मी सांगते त्यांना खरं."

"नाही. तारखा मी सांगितल्या, नियम मी मोडला. तुला त्या खोलीत बसवायचं नाही."

"पण तू विकल्या नाहीस!"

"सिद्ध काय करणार? तू माझी आई आहेस. आई काहीही म्हणेल. कागद आहे का?"

तो खोलीत गेल्यावर मी माझ्या कपाटाचा खण उघडला. माझ्या पत्रांची तू राख केलीस, पण तुझी माझ्याकडे आहेत. २८ ऑक्टोबरचं वरच होतं. 'गेन्झोने तारखा मोठ्याने वाचल्या, दोनदा.' तारीख आहे, तुझं अक्षर आहे, पाकिटावर टपालाचा शिक्का आहे.

ते दिलं तर शुनसुकेला आईजवळ बोलल्याची शिक्षा होईल, ती व्हावीच. पण चोर ठरणार नाही. नाही दिलं तर त्याची नोकरी जाईल, आणि मागे जन्मभर 'तोच तो, गस्तीच्या तारखा विकणारा' राहील. आणि दिलं, तर गेन्झोने हे सगळं आधीपासून ठरवून केलं हे तूच लिहून दिल्यासारखं होईल. त्याची शिक्षा वाढेल. तुला बोलावतील. फळा, चर्च, मात्सु आजी, सगळं वर्तमानपत्रात येईल. आणि मिनाए तर...

वीस तारखेला शुनसुकेची अखेरची सुनावणी आहे. तुला न विचारता देणं मला जमणार नाही. विचारायलासुद्धा लाज वाटते. ज्या बाईने मला वाचवायला माझी पत्रं जाळली, तिचं पत्र मी नेऊन द्यायचं?

तू नको म्हणालीस तर मी समजेन. खरंच समजेन.

इत्सुको

कोझाकी, १३ डिसेंबर, जलद टपालाने

प्रिय इत्सुको,

काल दुपारी तुझं पत्र मिळालं. ते घेऊन आधी तोमोयाकडे गेले, कारण पहिला हक्क त्याचा. त्याने वाचलं, मिनाएने त्याच्या खांद्यावरून वाचलं. मग मिनाए म्हणाली, "आई, मामाने तुला वापरलं, आणि आता तुझं नाव लपवून तो तुझ्यावर उपकार करतोय असं त्याला वाटतंय. तू ते उपकार घेणार आहेस?" पोर एका महिन्याने माझ्याशी पहिलं वाक्य बोलली, आणि ते हे.

तोमोया एवढंच म्हणाला, "त्या माणसाने मला नाव विचारायच्या आधी बाहेर काढलं."

मग मी फादरना सांगितलं. म्हटलं, फळा वर्तमानपत्रात येईल. ते म्हणाले, "येऊ द्या. त्यावर खोटं काही लिहिलेलं नव्हतं." मात्सु आजींनाही सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या जहाजासाठी मी प्रार्थना केली होती हेही सांग. बसून केली होती हे सांगू नकोस."

गेन्झोला अजून सांगितलेलं नाही. गुरुवारी काचेपलीकडे जाऊन सांगेन. तो माझा भाऊ आहे. त्याने जे केलं ते झोपेतून उठले की आधी आठवतं, मग आठवतं की तो भाऊ आहे. दोन्ही रोज, याच क्रमाने.

आता नीट वाच आणि अगदी तसंच कर. तुला शाळेपासून अर्धं ऐकून पळायची सवय आहे.

२८ ऑक्टोबरचं पत्र चौकशी अधिकाऱ्याला दे, पाकिटासकट. नक्कल नाही, मूळ.

२ ऑक्टोबरचंही दे. तारखा मी मागितल्या आणि गेन्झोने मागायला लावल्या, ते त्यात आहे. त्यात मी मूर्ख दिसते. दिसू दे.

१६ नोव्हेंबरचं दे. फळा पुसला आणि पत्रं जाळली ती मी, कोणाच्या सांगण्यावरून नाही, हे त्यांना कळायला हवं. त्यासाठी जे होईल ते माझं होईल.

सोबत एक वेगळा कागद आहे, माझ्या जबाबाचा, सहीशिक्क्यासह. तो शुनसुकेच्या वरिष्ठांच्या हातात दे, टेबलावर ठेवून येऊ नकोस. माझा पत्ता खाली आहे. बोलावतील त्या दिवशीच्या पहिल्या बोटीने येईन. कानात कमी ऐकू येतं, तेव्हा प्रश्न लिहून द्या म्हणावं.

सुक्या उडत्या माशांची पुडी शुनसुकेसाठी. वीस तारखेला सकाळी त्यांचं कढण करून दे, त्याला उपाशी पोटी पाठवू नकोस. हे पत्रही त्यालाच दे. तो नको म्हणेल, हात मागे घेईल. तरी दे.

लोकरी मोजे दोन जोड आहेत. एक तुझा. दुसरा गेन्झोच्या वकिलांकडे पोचव. माझ्या हातून तो घेणार नाही.

आणि ते विचारतील, अजून पत्रं आहेत का. आहेत म्हण. सत्तेचाळीस वर्षांची आहेत. निवडलेली तीन दिलीस तर आपण निवडून दिली असं त्यांना वाटेल, म्हणून खण रिकामा करून सगळी दे. माझ्या नवऱ्याबद्दल ७९ साली लिहिलेलं, सासूबद्दलचं, आपण दोघींनी सिस्टरांना कधी सांगितलं नाही तेसुद्धा. परक्या माणसांनी वाचलं तर वाचू दे. एकही मागे ठेवू नकोस.

शिगेयो